केळीच्या खोलीतला मासा

"कच्चा म्हणजे एकदम कच्चा?"

बुऱ्हाणपुरात अकरा वर्षं मी हा प्रश्न ऐकला. सुरुवातीला हौसेनं समजावून सांगत असे. नंतर नंतर "हो, एकदम कच्चा" एवढं म्हणून सुरी हातात घेऊ लागलो. त्यापुढचा प्रश्नही ठरलेला असे, "आणि लोक खातात?" समोरच्या टेबलावर लोक खात बसलेले असत, तरी विचारत.

यंदा मी ते काम सोडलं. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून बोटांचे सांधे इतके सुजले आहेत की सकाळी शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांना वाटलं, आता माणूस रिकामा आहे, जपानी हॉटेलातल्या गमतीजमती लिहून देईल. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मला लिहायचं आहे ते मात्र वेगळं आहे, आणि ते सात वर्षं टाळलेलं आहे.

मी मूळचा नेपानगरचा. वडील कागद कारखान्यात होते. मला कागदाची धूळ सोसेना म्हणून विसाव्या वर्षी पुण्याला गेलो आणि हॉटेलात भांडी घासायला लागलो. त्या हॉटेलात गाड्यांच्या कंपन्यांमधले जपानी साहेब जेवायला येत. तिथल्या म्हाताऱ्या जपानी उस्तादानं मला तीन वर्षं फक्त तांदूळ धुवायला लावलं, मग मासा धरायला दिला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी कापायला. मराठी त्याला येत नव्हतं, जपानी मला येत नव्हतं, त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही. स्वयंपाकघरापुरतं जपानी मात्र मला आलं. एकच गोष्ट त्याने शंभर वेळा सांगितली असेल: जो मासा तुझ्या नजरेआड राहिला, तो कोणाच्या ताटात वाढायचा नाही.

पुढे वडील गेले, आई नेपानगरला एकटी पडली आणि मी परत आलो. त्याच सुमारास बुऱ्हाणपुरातले एक केळीवाले सेठ शेतीच्या दौऱ्यावर जपानला जाऊन आले होते. आठ दिवस कच्चा मासा खाऊन त्यांच्या डोक्यात जे भरलं ते काही निघेना. शहराबाहेर हायवेला त्यांची केळी पिकवायची चेंबरं होती. त्यांनाच लागून त्यांनी जपानी हॉटेल बांधलं आणि बाहेर पाटी लावली, 'ताज्या कच्च्या माशांसाठी प्रसिद्ध'. उद्घाटनाच्या दिवशीच आम्ही प्रसिद्ध होतो!

समुद्र इथून कितीतरी लांब. मासा मुंबईहून रेल्वेच्या पार्सलडब्यातून थर्माकोलच्या पेटीत, बर्फात यायचा. सकाळी मी स्कूटरवर पेटी घेऊन यायचो, उघडायचो, एकेका माशाला हात लावून, वास घेऊन, कापडात गुंडाळून पुन्हा बर्फावर ठेवायचो. मासा शून्याच्या आसपासच राहिला पाहिजे. एक-दोन अंश इकडे तिकडे चालतं, त्यापलीकडे नाही. कापणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड असतं ते समुद्रापासून ताटापर्यंत थंडी कुठे तुटू न देणं. लोकांना सुरी दिसते, बर्फ दिसत नाही.

हे गिऱ्हाइकांना पटवणं महाकठीण. राजघाटाकडून एक गृहस्थ एकदा बादलीत जिवंत मासा घेऊन आले. तापीतला, शेपूट आपटत होता. म्हणाले, "तुमचा माल दोन दिवसांचा, आमचा दोन मिनिटांचा. काटो इसको." मी सांगितलं, नदीच्या माशात जंत असतात, तो कच्चा खायचा नसतो, घरी नेऊन छान कालवण करा. त्यांचा इतका अपमान झाला की बादली तिथेच ठेवून निघून गेले. तो मासा दुपारभर बादलीत फिरत राहिला आणि संध्याकाळी मीच त्याला तापीत सोडून आलो.

आणखी एक. आमच्याकडे मुलगी बघायचे कार्यक्रम फार होत. सुरुवातीला मला वाटलं, हॉटेल आवडतं लोकांना. मग कळलं, गावातलं ओळखीचं कोणी तिथे फिरकत नाही म्हणून ती जागा सोयीची होती. दोन्ही घरची माणसं यायची, साधा भात आणि तळलेली भाजी मागवायची आणि माझ्या सुरीकडे पाहात अवघडून बसायची. चार लग्नं माझ्यासमोर ठरली. एकाही लग्नाचं मला आमंत्रण आलं नाही.

झाल्या गमती. आता भगवानभाऊ.

भगवानभाऊ सेठच्या केळीच्या चेंबरवर होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, गळ्यात माळ, मासा तर सोडाच, अंडंही कधी खाल्लेलं नाही. पण रोज दुपारी जेवण झालं की ते माझ्या काउंटरसमोर स्टूल ओढून बसायचे आणि मी कापत असताना बघायचे. "उस्ताद, हात तर तुमचा मशीनसारखा चालून राहिला," म्हणायचे. मला उस्ताद म्हणणारे ते पहिले. मग बाकीचेही म्हणायला लागले.

त्यांच्या कामात ते माझ्याहून मोठे उस्ताद होते. हिरवी केळी चेंबरमध्ये भरून, गॅस देऊन, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रंगावर आणायची. यंत्रावर अंशांचा आकडा असतोच, पण भगवानभाऊ क्रेटला तळहात लावून सांगायचे, "साडेतेरा आहे," आणि काटा साडेतेराच दाखवत असे. थंडी कमी झाली तर केळी भराभर पिकून मऊ होते. जास्त झाली तर साल काळवंडते आणि माल मातीमोल होतो. "केळीला थंडी पाहिजे, पण बर्फ दुश्मन आहे," हे त्यांचं रोजचं वाक्य. मी ते सगळं आवडीनं ऐकायचो. चार वर्षं ऐकलं. माझ्या माशाला किती थंडी लागते, हे मात्र मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही असं नाही. "तुम्ही माळकरी माणूस, कशाला त्या भानगडीत," म्हणून मीच हसण्यावारी न्यायचो.

चौथ्या वर्षी सेठकडे जपानहून तीन पाहुणे यायचे ठरले. केळीच्या खोडापासून धागा काढतात, त्याचा कागद होतो. त्या धाग्याची खरेदी करायची का, हे ते बघायला येणार होते. सेठनं शेड बांधलं होतं, यंत्रं आणली होती. महिनाभर त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. पाहुण्यांचं जेवण अर्थातच आमच्याकडे, मंगळवारी दुपारी. मुंबईहून मासा पाठवणाऱ्या माणसाला मी तीनदा फोन केला आणि सोमवारी सकाळी पेटी आली. ट्यूनाचा असा तुकडा मला पुण्यातही क्वचित मिळाला होता. कापडात गुंडाळला, बर्फात ठेवला, फ्रीजमध्ये सरकवला. सोमवार सुट्टीचा दिवस. हॉटेलचा जनरेटर दुरुस्तीला दिलेला होता, सुट्टीच आहे म्हणून कोणी फिकीर केली नाही.

दुपारी नेपानगरहून शेजाऱ्यांचा फोन आला, आई न्हाणीघरात पडली आहे. हॉटेलची किल्ली नेहमीप्रमाणे भगवानभाऊंच्या हातात दिली आणि मी निघालो. दवाखान्यात आई स्ट्रेचरवर कण्हत होती. एक्स-रेच्या खोलीबाहेर मी उभा असताना चारच्या सुमाराला भगवानभाऊंचा फोन आला.

"उस्ताद, लाईट गेली. डीपी जळाली म्हणे, उद्याशिवाय काही येत नाही. तुमची पेटी पाणी सोडून राहिली. काय करू?"

"तुमच्याकडे ठेवा ना थंडीत," मी म्हणालो. चेंबरला वेगळा जनरेटर होता.

"ठेवतो. बर्फासकट ठेवू का काढून ठेवू?"

त्याच वेळी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी म्हणालो, "तुम्हाला थंडीतलं कळतं भाऊ, तुम्ही बघा," आणि फोन ठेवला.

एवढंच बोलणं झालं. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करायचं ठरलं. धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं आणि मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी बुऱ्हाणपूरला आलो.

भगवानभाऊ चेंबरच्या दारात उभेच होते, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. मोठ्या मायेनं त्यांनी मला आत नेलं. केळीच्या क्रेटांमधली मधली जागा रिकामी करून तिथे स्वच्छ गोणपाट अंथरला होता, त्यावर केळीचं पान, आणि पानावर माझा मासा. पेटी नव्हती, बर्फ नव्हता.

"बर्फ काढून टाकला बरं," ते म्हणाले. "बर्फानं माल काळा पडतो. साडेतेराच्या खाली जाऊ दिला नाही रात्रभर. बघा, रंग कसा राहिला!"

रंग खरंच सुरेख राहिला होता. वासही नव्हता. या धंद्यात खरी भीती त्याचीच असते. उबेत राहिलेल्या ट्यूनात एक विष तयार होतं. त्याला वास नाही, रंग नाही आणि शिजवलं तरी ते जात नाही. केळीला जी थंडी, ती माझ्या माशाला ऊबच, आणि त्या उबेत तो पंधरा-सोळा तास पडून होता. भगवानभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट पाहात.

सेठना जाऊन सांगितलं. ते ऐकून घ्यायलाच तयार नाहीत.

"स्मेल येते का?"

"नाही."

"मग? अरे यार, दिलीप, आज तरी नाटक नको करू. थोडं फ्राय करून दे."

"तळूनही चालत नाही सेठ. माणसं आजारी पडतील."

"पाटीवर काय लिहिलंय बाहेर? मी त्यांना काय, वांगी खाऊ घालू?"

मी काही हललो नाही. सेठ चिडून गेले. त्यांना वाटलं, पाहुणे प्रत्यक्ष समोर बसले की हा मुकाट्यानं कापेल. एक वाजता त्यांनी तिघांना सरळ माझ्या काउंटरसमोर आणून बसवलं आणि हसत हसत म्हणाले, "चला उस्ताद, होऊन जाऊ द्या."

इथे माझ्यासमोर दोन रस्ते होते. पेटी आलीच नाही, असं सांगता आलं असतं. आपल्याकडची गाडी उशिरा येणं ही काय नवलाची गोष्ट आहे? कोणाला खोटं वाटलं नसतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण जपानी माणसासमोर उभं राहिल्यावर माझ्या अंगात पुण्याचा तो म्हातारा संचारला. खरं सांगण्याची मला सुरसुरी आली. मी वाकून नमस्कार केला आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, मासा आला होता, चांगला होता, पण तो बर्फातून काढून रात्रभर केळीच्या खोलीत ठेवला गेला, म्हणून मी तो वाढणार नाही.

तिघांतल्या वयस्कर पाहुण्यांनी विचारलं, केळीच्या खोलीत का?

आणि मी बोट दाखवलं. दारात भगवानभाऊ उभे होते, पाहुणे बघायला आलेले. मी म्हणालो, हा केळीचा माणूस आहे, याला माशातलं कळत नाही, यानं ठेवला.

भगवानभाऊंना जपानी थोडंच कळतं! आपली ओळख करून दिली असंच त्यांना वाटलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तोंडभर हसून पाहुण्यांना नमस्कार केला. तिघेही उठले आणि त्यांच्या रीतीनं कमरेत वाकले. सेठनं पाहुण्यांबरोबर आलेल्या दुभाष्याला विचारून मी काय बोललो ते समजून घेतलं, तेव्हाही भगवानभाऊ हात जोडून हसतच होते.

मी जे बोललो त्यात शब्द खोटा नव्हता. फोनचं मात्र मी बोललो नाही.

पाहुण्यांनी भात, अंड्याची गुंडाळी, काकडी आणि सेठ ज्यांना भीत होते ती वांगीसुद्धा आवडीनं खाल्ली. निघताना ते वयस्कर पाहुणे माझ्यासमोर इतके वाकले की मलाच संकोच वाटला. पुढे धाग्याचं काम सेठना मिळालं. अशा हॉटेलवाल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं पाहुणे म्हणाले म्हणे. सेठचा माझ्यावरचा राग तिथेच उतरला, पण कोणावर तरी तो निघायचा होताच. जेवणाच्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी भगवानभाऊंना काढून टाकलं. तीस वर्षांची नोकरी होती ती.

मी तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी पुन्हा नेपानगरला गेलो होतो. चार दिवसांनी आलो तर चेंबरवर नवा माणूस. मला कळलं तेव्हा सेठच्या खोलीपर्यंत गेलोसुद्धा. आत कोणीतरी बसलं होतं. सेठ त्याला माझीच गोष्ट सांगत होते, "समोर जपानी बसलेले, आणि माझा उस्ताद म्हणतो, नाही वाढणार!" मला पाहून म्हणाले, "हाच तो." त्या माणसानं उठून माझा हात हातात घेतला. मी हसलो आणि बाहेर आलो. ज्या कामासाठी गेलो होतो ते राहिलंच.

त्यानंतर आमचं हॉटेल खरंच प्रसिद्ध झालं. जळगाव, भुसावळ, खंडव्याहून लोक गाड्या घेऊन येऊ लागले. रविवारी बसायला जागा नसायची. प्रत्येक टेबलावर वाढपी ती गोष्ट सांगायचा, आमचा उस्ताद किती प्रामाणिक आणि तो केळीवाला किती येडा. "माशाला केळीच्या पानावर झोपवलं साहेब!" यावर सगळं टेबल हसायचं. मी पाठमोरा उभा राहून कापत असायचो. पहिल्या वर्षी ते ऐकलं की अंगावर काटा यायचा. नंतर नुसता थकवा येऊ लागला. सुजलेले सांधे लोकांना दाखवता येतात म्हणून काम सोडताना मी तेच कारण सांगितलं. खरं कारण ती गोष्ट होती. दिवसातून सहा वेळा स्वतःची खोटी स्तुती ऐकून माणूस किती दमतो, ते ऐकणाऱ्यालाच कळेल.

काम सोडल्यानंतरच्या आठवड्यात मी चांदनीला गेलो. स्टेशनपासून अर्ध्या तासावर भगवानभाऊंच्या भावाचं घर आहे, ते तिथेच राहतात. लोकांच्या केळीच्या बागा राखतात. मला पाहून त्यांनी खाट झटकली, आत सांगून चहा ठेवायला लावला आणि पहिला प्रश्न केला, "आई कशी आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली," मी म्हणालो. "पण ऑपरेशननंतर चालायला लागली होती."

"मला काही कळलं नाही," ते म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

चहा प्यायलो. मग मी म्हणालो, "भाऊ, चूक माझी होती. तुम्ही फोन केला होता. बर्फाचं विचारलं होतं."

"विचारलं होतं ना," ते म्हणाले.

"तुम्ही सेठना का नाही सांगितलं?"

"सांगून काय? ते म्हटले असते, उस्तादावर टाकून राहिला. तुमची आई दवाखान्यात. म्हटलं, डोकं ठिकाणावर नसेल तुमचं. आले की स्वतःच सांगतील." त्यांनी कप खाली ठेवला. "दिवाळीपर्यंत मी दुसरं काम धरलंच नाही उस्ताद. बायको बोलायची. मी म्हणायचो, थांब, सेठचं बोलावणं येईल. उस्ताद सांगतील."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त सांगत होते. मला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडायचाही मला हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "जाऊ दे रे दिलीप. सात वर्षं झाली. त्याला बोलावू म्हणतोस, तर आता चेंबर कॉम्प्युटरवर चालतं. आणि ती गोष्ट लोकांना आहे तशीच आवडते. कशाला बदलायची?"

म्हणून इथे लिहितो आहे. हा अंक बुऱ्हाणपुरात घरोघर जातो, नेपानगरलाही जातो. त्या हॉटेलात तुम्ही जाल तेव्हा वाढपी ती गोष्ट सांगेल. ऐकून घ्या, पोरगा सांगतो छान. मग त्याला एवढं सांगा, त्या केळीवाल्याचं नाव भगवान पाटील. तीस वर्षांत त्यांच्या हातून केळीची एक फणी काळी पडली नाही. मासा केळीच्या खोलीत ठेवायला त्यांना उस्तादानं सांगितलं होतं. आणि बर्फ काढू का, हे त्यांनी आधी विचारलं होतं.